जुन्या लेथच्या अटॅचमेंट: कोणती आधी, कोणती नंतर

जुना सहा फुटी लेथ (लोखंड फिरवून कापायचं मशीन) घेऊन गावात वर्कशॉप टाकलेली मुलं भेटतात, तेव्हा तक्रारी साधारण सारख्याच असतात. डाय होल्डर (आटे पाडणारा डाय धरायची पकड) बनवला, पण आटे तिरपे येतात. कॅरेज स्टॉप (टूल वाहणारी कॅरेज ठरल्या जागी थांबवणारा ठोकळा) बनवला, पण दहा पिनांच्या दहा स्टेप दहा मापाच्या निघतात. मी जिथे जाऊन पाहिलं तिथे मुलांचा हात वाईट नव्हता. त्यांनी मशीन तपासायच्या आधीच अटॅचमेंट बनवली होती, त्यामुळे मशीनचा वाकडेपणा त्या वस्तूत कायमचा उतरला होता. पुढे मशीन सरळ केलं तरी अटॅचमेंट वाकडीच राहते, आणि मग डायला किंवा लोखंडाला दोष दिला जातो.

म्हणून इथे सगळा जोर क्रमावर आहे. आधी मशीन, मग चकचा (कापायचा तुकडा, म्हणजे जॉब, धरणाऱ्या पकडीचा) पाट, म्हणजे चक टेकवायचा ठोकळा, मग कॅरेज स्टॉप, त्यानंतर डाय होल्डर आणि शेवटी स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य दांडा) हाताने फिरवायचं हँडल. मिलिंग मशीन नाही, जवळ फक्त लेथ, ड्रिल मशीन आणि कानस आहे, असं धरून लिहिलं आहे.

## तयारी

वेळ. पेरणीआधी पेरणी यंत्रांची कामं आणि दसरा-दिवाळीला थ्रेशरची कामं, यांच्या मधला श्रावण त्यातल्या त्यात मोकळा असतो. हे काम तेव्हाच धरा. बोरिंग (भोक आतून कापून मोठं करणं) अर्ध्यावर असताना कोणी "भाऊ, शाफ्ट तुटला, सोयाबीन वावरात पडून आहे" म्हणत आला, की चकातला जॉब काढावाच लागतो. तीन जॉच्या (पकडणाऱ्या दाढांच्या) चकातून काढलेला जॉब पुन्हा तंतोतंत त्याच जागी बसत नाही. पुढे जिथे "एकाच पकडीत" लिहिलं आहे, तिथे तेवढा वेळ हातात नसेल तर काम सुरूच करू नका.

मोजमापाची साधनं. व्हर्नियर, ० ते २५ आणि २५ ते ५० मिमीचे मायक्रोमीटर, आणि मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज (सुईने बारीक फरक दाखवणारं माप). डायल नसेल तर आधी डायल घ्या, अटॅचमेंट नंतर बनवा.

कटिंगची साधनं. एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) धार लावलेले टूल, बोरिंग टूल, सेंटर ड्रिल. एम ५, एम १० आणि एम १२ चे टॅप (भोकात आटे पाडायची साधनं; एम पुढचा आकडा आट्यांचा मिमीतला व्यास), त्यांच्यासाठी अनुक्रमे ४.२, ८.५ आणि १०.२ मिमी ड्रिल.

लोखंड. तपासणीसाठी ४० मिमी गोल एमएस (माइल्ड स्टील), सुमारे ५०० मिमी लांब. त्यातून एक १९० मिमीचा आणि एक ३०० मिमीचा तुकडा निघतो. स्टॉपसाठी ५० बाय ४० चा ७० मिमी लांब तुकडा. डाय होल्डरच्या डोक्यांसाठी ५० मिमी गोल. हँडलसाठी तुमच्या स्पिंडलच्या बोअरपेक्षा १० मिमी जाड गोल बार. शिवाय टेपर शँकचं (निमुळत्या बुडाचं) एक झिजलेलं ड्रिल लागेल, त्याचं काम टप्पा ४ मध्ये येतं.

भंगारातून आणताना दोन गोष्टी टाळा. स्लॅबची टीएमटी सळई बाहेरून कडक आणि आतून मऊ असते, टूल एकसारखं चालत नाही. ट्रॅक्टरचा हाफ शाफ्टही वरून कडक केलेला असतो. तुकडा उचलण्याआधी कोपऱ्यावर कानस लावा. कानस घसरली तर तो तुकडा परत ठेवा.

सावधान, दुपट्टा. उन्हाळ्यात आपल्याकडे प्रत्येकाच्या गळ्यात किंवा डोक्याला दुपट्टा असतो. लेथसमोर उभं राहण्याआधी तो खुंटीला टांगा. फिरत्या चकात कपड्याचं टोक गेलं तर माणूस त्याच्यामागे ओढला जातो, स्विचपर्यंत हात पोचत नाही. हातमोजेही नकोत.

सावधान, वीज. जुन्या मशीनवर नुसता फिरकी स्विच असेल, तर वीज परत आली की मोटार आपोआप सुरू होते. वीज गेली की आधी स्विच बंद करा, मग टूल मागे घ्या. नो-व्होल्ट कॉइल असलेला (वीज गेली की स्वतः बंद होणारा) स्टार्टर बसवून घेता आला तर या लेखातल्या कुठल्याही अटॅचमेंटच्या आधी तो खर्च करा.

## टप्पा १: मशीन सरळ आहे का

हा टप्पा सगळे टाळतात. आपल्या भागात तो टाळणं जास्त महाग पडतं, कारण जमीन काळी आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. विदर्भात पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पट्ट्यात) घरांच्या भिंती तडकतात, त्याच मातीवर पातळ कोब्यावर उभा केलेला लेथही पिळला जातो. जानेवारीत सरळ असलेलं बेड (मशीनचा लांब पाया) ऑगस्टमध्ये सरळ असेलच असं नाही. तपासणी वर्षातून दोनदा करा: एकदा पावसाळा सरल्यावर, एकदा मे महिन्यात. श्रावणात अटॅचमेंट बनवायला बसाल तेव्हा सुरुवातीला तिसऱ्यांदा.

१. स्पिंडलचा प्ले (ढिलेपणा). डायलची सुई चकच्या अंगावर वरून टेकवा. चकखाली लाकडी दांडा घालून हलकेच वर उचला. सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली तर आधी बेअरिंग जुळवा. इथे प्ले असेल तर पुढच्या सगळ्या मोजमापांना अर्थ नाही.

२. बेडचा पीळ. १९० मिमीचा तुकडा चकात धरून १५० मिमी बाहेर ठेवा. टेलस्टॉक (चकसमोरचा, बेडवर सरकणारा आधार) लावू नका. दोन्ही टोकांना १५ मिमी रुंद पट्टे सोडून मधला भाग दोन मिमीने खाली उतरवा. आता धारदार टूलने दोन्ही पट्ट्यांवर ०.१ मिमीचा एकच हलका कट घ्या. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाला) हात लावायचा नाही. थंड झाल्यावर दोन्ही मोजा.

फरक ०.०२ मिमीच्या आत असेल तर पुढे चला. बाहेरचा पट्टा जाड निघाला, तर टेलस्टॉककडच्या टोकाचा आपल्या बाजूचा पाय पातळ पत्र्याने उचला. तो बारीक निघाला, तर मागच्या बाजूचा पाय. दर वेळी एकच पत्रा घाला, बोल्ट कसा आणि नव्याने कट घेऊन मोजा. दोन पत्रे एकदम घालून वेळ वाचत नाही, कोणत्याने काय झालं तेच कळत नाही.

३. टेलस्टॉक. बेड सरळ झाल्यावरच. चकात एक छोटा तुकडा धरून त्याला ६० अंशांचं टोक काढा आणि काढल्यावर हलवू नका. ते टोक जागेवरच काढल्यामुळे आपोआप सेंटरमध्ये असतं. ३०० मिमीच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना सेंटर ड्रिल मारा, तो या टोकावर आणि टेलस्टॉकच्या सेंटरवर चढवा, डॉग (बारला आवळायची पकड) लावून जॉने फिरवा. मधला भाग खाली उतरवून पुन्हा दोन पट्टे, पुन्हा एकच कट.

टेलस्टॉककडचा पट्टा जाड असेल तर टेलस्टॉक मागे सरकलेला आहे. व्यासात जेवढा फरक, त्याच्या निम्मा तो आपल्याकडे आणा. अनेक जण पूर्ण फरक सरकवतात आणि मग तेवढीच चूक उलट्या बाजूला उभी राहते. ०.१२ फरक असेल तर ०.०६ सरकवायचं, तेही टेलस्टॉकच्या अंगाला डायल लावून.

दोन्ही पट्टे सारखे झाले की डायल कॅरेजवर ठेवून सुई बारच्या माथ्यावर टेकवा आणि एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर न्या. टेलस्टॉककडे सुई खाली गेली तर टेलस्टॉकचा तळ झिजून तो बसला आहे. टर्निंगला हा दोष फारसा जाणवत नाही, पण ड्रिल आणि डाय यांना लगेच जाणवतो. तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पितळी पत्रा घालून उंची भरून काढा, आणि मग बाजूचं माप पुन्हा बघा, कारण बोल्ट सोडले की तेही हलतं.

तपासणी: पट्ट्यांतला फरक ३०० मिमीत ०.०२ च्या आत, उंचीतला फरकही तेवढाच. हा बार तेल लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवा. पुढच्या तपासणीला नवा बनवावा लागत नाही.

## टप्पा २: चकचा पाट

अर्ध्या दिवसाचं काम. पण डाय होल्डर बनवताना चक उतरवावाच लागतो, म्हणून हे आधी. बाभळीचा किंवा सागाचा जाड ठोकळा घ्या, खालून बेडच्या व्ही-वर बसेल अशी खाच काढा, वरून चकच्या गोलाईचा खळगा करा. चक त्यावर टेकला असताना त्याचा मध्य स्पिंडलच्या मध्याला यायला हवा. ठोकळा थोडा खाली राहिला तर खाली पट्टी घालता येते, वर राहिला तर तासावा लागतो. म्हणून थोडा खालीच ठेवा.

सावधान: आट्यांवर बसणारा चक अडकला तर बॅक गिअर (वेग कमी करणारा गिअर) लावून स्पिंडल जाम करू नका. त्या झटक्याने बॅक गिअरचे दात तुटतात, आणि जुन्या मशीनचा तो गिअर सहज मिळत नाही. चकच्या जॉखाली बेडच्या मागच्या बाजूला लाकडाचा तुकडा अडकवा आणि पट्टा हाताने उलटा ओढा.

## टप्पा ३: कॅरेज स्टॉप

एकाच मापाच्या दहा पिना करायच्या तर कॅरेज दर वेळी एकाच जागी थांबली पाहिजे. बेडवर पकडलेला एक ठोकळा आणि त्यात पुढे-मागे होणारा स्क्रू, एवढंच हे साधन. तरी ते बिघडतं, आणि बहुतेक वेळा खाचेत बिघडतं.

१. पत्र्याचा साचा. बेडची पुढची व्ही ९० अंशांचीच असेल असं धरून खाच कापू नका. पातळ पत्रा कापून, कानसने घासून बेडवर बसवा. उजेडाकडे धरल्यावर फट दिसेनाशी झाली की तो साचा.

२. जागा चाचपा. स्टॉप हेडस्टॉक (मशीनचं स्पिंडल असलेलं टोक) आणि कॅरेज यांच्या मध्ये, पुढच्या व्ही-वर बसतो. बेडच्या ओठाखाली हात घालून रॅक (दातांची पट्टी) कुठे आहे ते बघा. खालून पकडणारी पट्टी रॅकच्या दातांवर बसता कामा नये. तिथे जागा नसेल तर पकडीचा बोल्ट बेडच्या आतल्या बाजूने घ्या.

३. खाच. साच्यावरून मार्किंग करा. सगळ्यात आधी खाचेच्या तळाशी हॅकसॉने एक उभी चीर खोलवर घ्या. बेडच्या व्हीचा माथा या चिरेत मोकळा राहिला पाहिजे. चीर घ्यायचं राहिलं की ठोकळा माथ्यावर टेकतो, दोन्ही उतार अधांतरी राहतात आणि कितीही कसला तरी तो डुलतो. मी पाहिलेल्या डुलणाऱ्या स्टॉपांपैकी बहुतेकांत हाच दोष होता.

मग दोन्ही उतार कानसने. बेडला बोटाने प्रशियन ब्लूचा (खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात द्या, ठोकळा ठेवून हलकेच सरकवा, जिथे निळं लागलं तेवढंच घासा. दोन्ही उतारांवर ठिकठिकाणी निळे ठिपके येईपर्यंत हे चालतं. कंटाळा येतो, पण दुसरा मार्ग नाही.

४. स्क्रूचं भोक. उंची ठरवताना कॅरेजचा कोणता भाग टेकणार ते बघा. भक्कम बिडाचा भाग हवा, वायपरची पट्टी नको. भोक बेडच्या जितकं जवळ तितकं चांगलं, वर गेलं तर धक्क्याने ठोकळा मागे कलतो. ८.५ चं ड्रिल, एम १० चा टॅप. टॅप सरळ जावा म्हणून त्याच्या मागच्या सेंटरला ड्रिल मशीनमध्ये धरलेलं टोक टेकवून हाताने फिरवा. एम १० ची साधी पिच दीड मिमी आहे, म्हणजे पूर्ण एका फेऱ्याला स्क्रू दीड मिमी सरकतो. डोक्यावर पंधरा खुणा केल्या तर प्रत्येक खूण ०.१ मिमीची. स्क्रूचं टोक लेथवर सपाट करून कड किंचित मारा, आणि लॉक नट विसरू नका.

५. खालची पट्टी. १२ मिमी जाड पट्टी, एम १० किंवा एम १२ चा बोल्ट. ठोकळ्याच्या सगळ्या कडा कानसने मारा. जुन्या मशीनचं बेड बहुधा कडक केलेलं नसतं, एक धारदार कड त्यावर कायमची रेघ ओढते.

तपासणी: हेडस्टॉककडे डायल लावून सुई कॅरेजला टेकवा. कॅरेज हाताने दहा वेळा स्टॉपपर्यंत न्या. दहाही वेळा सुई ०.०२ च्या आत परत आली पाहिजे. दर वेळी पुढे पुढे जात असेल तर ठोकळा सरकतो आहे. कधी मागे कधी पुढे असेल तर मध्ये चिप अडकते आहे किंवा तुमच्या हाताचा जोर बदलतो आहे.

सावधान: ऑटो फीडवर कॅरेज स्टॉपला कधीही भिडू देऊ नका. स्टॉप सरकला तर नशीब. नाही सरकला तर अॅप्रनचा (कॅरेजच्या पुढच्या पेटीचा) गिअर तुटतो. दोन-तीन मिमी आधी फीड सोडा आणि उरलेलं हाताने न्या.

## टप्पा ४: टेलस्टॉकचा डाय होल्डर

हा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा. रचना अशी: टेलस्टॉकच्या टेपरमध्ये बसणारी शँक, तिच्या पुढे गुळगुळीत दांडा, त्या दांड्यावर सरकणारं डोकं आणि डोक्याच्या तोंडात डाय. आटे पडू लागले की डोकं आपोआप पुढे सरकतं.

आधी डाय मोजा. एम ८ चा डाय कॅटलॉगात २५ मिमी व्यासाचा आणि ९ मिमी जाड असतो, एम १० चा ३० आणि ११. पण बाजारात एक इंची, म्हणजे २५.४ मिमीचे डायही तितकेच मिळतात. २५ च्या खोबणीत २५.४ चा डाय जात नाही, आणि २५.४ च्या खोबणीत २५ चा डाय एका बाजूला बसतो. जे डाय तुमच्या पेटीत आहेत तेच मायक्रोमीटरने मोजून पुढचं माप ठरवा.

एका डोक्याच्या दोन्ही तोंडांना दोन मापं करायचा मोह टाळा. दुसरं तोंड करायला डोकं उलटावं लागतं आणि ते भोकाशी एकसेंटर राहत नाही. दांडा एक, प्रत्येक मापाला डोकं वेगळं.

१. आधी डोकं, मग दांडा. हा क्रम दोन कारणांनी. पहिलं, भोकाला दांडा जुळवणं सोपं असतं, दांड्याला भोक जुळवणं अवघड. दुसरं, दांडा करताना चक उतरवावा लागतो, मग चकातली सगळी कामं आधी संपवलेली बरी.

२. डोकं, एकाच पकडीत. ५० मिमी बारचा ८० मिमी तुकडा चकात धरा, फेसिंग करा (तोंड सपाट कापा), सेंटर ड्रिल मारा. मोर्स ३ च्या (मोर्स हे टेपरचं ठरलेलं माप) टेलस्टॉकसाठी २० मिमीचा दांडा ठीक, मोर्स २ साठी १६ चा. २० साठी १८ चं ड्रिल आरपार, मग बोरिंग टूलने २० पर्यंत. रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं साधन) असेल तर १९.८ वर थांबून रीमर चालवा. लगेच, जॉब न हलवता, डायची खोबण बोर करा. व्यास डायपेक्षा ०.०५ मोठा, खोली डायच्या जाडीएवढी, तळ सपाट.

भोक झाल्यावर जॉब काढून "खोबण उद्या करू" म्हणणं हीच इथली मोठी चूक. दोन्हीचा मध्य एक राहिला नाही तर डाय गोल फिरताना तिरपा चालतो आणि आटे एका बाजूला खोल, एका बाजूला उथळ पडतात.

गरम जॉब मोजू नका. ५० मिमीचं पोलाद ४० अंशांनी तापलं की व्यास सुमारे ०.०२ मिमीने वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये मायक्रोमीटरही तापलेला असतो. शेवटचा कट घेण्याआधी चहा घ्या, जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही सावलीत सारखे होऊ द्या.

३. दांडा. टेपर शँकचं झिजलेलं ड्रिल इथे कामाला येतं. १४ ते २३ मिमीच्या ड्रिलला साधारण मोर्स २ ची शँक असते, त्यावरच्या ३१.७५ पर्यंत मोर्स ३, त्याहून मोठ्याला मोर्स ४. तुमच्या टेलस्टॉकला कोणती बसते ते निळं लावून बघा. निळं शँकच्या पूर्ण लांबीवर उतरलं पाहिजे. मोठ्या ड्रिलची शँक बहुधा मऊ पोलादाची जोडलेली असते, पण कानस लावून खात्री करा. चर संपतात तिथे, मऊ भागातच कापा.

शँकचा मऊ भाग आखूड पडला तर त्याच्या तोंडात भोक करून जाड बार बसवा आणि वेल्डिंग करा, पण टर्निंगच्या आधी. वेल्डिंग लेथवर धरून करू नका, आणि अर्थिंगचा चिमटा लेथला तर मुळीच लावू नका. करंट स्पिंडलच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर ठिणग्यांचे खड्डे पडतात. गावोगावच्या वर्कशॉपांत हे रोज होतं आणि आवाज आल्यावर बेअरिंग बदललं जातं, कारण मात्र तसंच राहतं.

आता चक पाटावर उतरवा. शँक स्लीव्हमध्ये (टेपरचं माप जुळवणाऱ्या नळीत) घालून स्पिंडलच्या टेपरमध्ये बसवा. टेपर आणि स्लीव्ह आतून कापडाने पुसा, एक चिपसुद्धा चालत नाही. हलक्या कटाने फेसिंग, सेंटर ड्रिल, आणि लगेच टेलस्टॉकचा सेंटर लावा.

सावधान: नुसत्या टेपरच्या भरवशावर टर्निंग करू नका. बाजूच्या दाबाने टेपर सुटतो आणि जॉब उडतो. सेंटरचा आधार शेवटपर्यंत हवा.

दांडा १०० मिमी लांब घ्या. २० मिमी व्यासाला एचएसएस टूलने साधारण ४०० आरपीएम. २०.१ वर आलात की टेलस्टॉक मागे घेऊन तयार डोकं लावून बघा, पुन्हा सेंटर लावा, पाच-पाच शतांश (०.०५ मिमी) उतरवा. शेवटचं दोन शतांश बारीक पॉलिश पेपरने. टप्पा १ टाळला असेल तर ते इथे उघडं पडतं: दांडा एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्याला सैल होतो.

तपासणी: तेल लावलेलं डोकं दांड्यावर स्वतःच्या वजनाने हळूहळू घसरलं पाहिजे. खडखड वाजलं तर सैल आहे, मधेच थांबलं तर टेपर आहे.

४. स्क्रू आणि मूठ. डोक्याला खोबणीच्या मध्यरेषेवर एम ५ चे तीन ग्रब (बिनडोक्याचे) स्क्रू. एक टोकदार, तो डायच्या चिरेत. दोन बाजूला, डायच्या खळग्यांत. खळगे डायवर कुठे आहेत ते पाहून मार्किंग करा, अंदाजे १२० अंश धरू नका. मागच्या भागात मुठीसाठी एम १० चं भोक, पण आरपार नको. आतली कड दांड्याला खरवडते.

५. वापर. एम १० साठी बार १०.०० नको, ९.८५ पर्यंत उतरवा आणि टोकाला ४५ अंशांची कड मारा. डायची छाप असलेली बाजू जॉबकडे. पहिल्या फेरीला चिरेतला स्क्रू कसून डाय थोडा उघडा ठेवा, दुसऱ्या फेरीला तो सैल करून बाजूचे कसा. कटिंग ऑइल भरपूर. बॅक गिअरवर सगळ्यात कमी वेग, मूठ हातात धरलेली. टोकाला पोचलात की मूठ सोडा, डोकं जॉबबरोबर फिरू लागतं आणि आटे पडायचे थांबतात. मूठ लांब असेल तर सोडल्यावर ती हाताला लागते, म्हणून ती १०० मिमीपेक्षा लांब नको. एम १० च्या वर मशीन चालवून हातात धरू नका, त्यासाठी पुढचं हँडल आहे.

तपासणी: पडलेल्या आट्यांवर चांगला नट चढवून बारच्या स्टेपपर्यंत न्या. नट आणि स्टेप यांच्यामध्ये गोलभर सारखा उजेड दिसला की आटे सरळ.

## टप्पा ५: स्पिंडल हाताने फिरवायचं हँडल

मोठे आटे, आंधळ्या भोकातले टॅप, स्टेपला लागून थांबणारी थ्रेडिंग, ही कामं मोटारीवर करताना दात, टूल आणि जॉब तिन्ही जातात. स्पिंडलच्या मागच्या तोंडात फुगून पकडणारं हँडल असलं की ती निवांत होतात.

१. माप. स्पिंडलचा बोअर मागच्या बाजूने मोजा आणि आतला जुना गाळ आधी साफ करा. चेंज गिअरचं झाकण आणि गिअर यांना कॉलर घासणार नाही ना, तेही बघा.

२. बॉडी. बोअरपेक्षा ०.३ मिमी बारीक, आत जाणारा भाग ७० मिमी, बाहेर कॉलर. आरपार १२.५ चं भोक. आत जाणाऱ्या तोंडाला २५ मिमी खोल टेपर, कंपाऊंड (टूलखालचा, कोनात फिरवता येणारा भाग) १० अंशांवर. याहून बराच कमी कोन ठेवला तर शंकू आत जाऊन बसतो आणि ठोकल्याशिवाय निघत नाही.

३. शंकू, कंपाऊंड न हलवता. बाहेरचा शंकू पुढच्या बाजूने साध्या टूलने काढला, आणि आतला टेपर बोअरच्या मागच्या भिंतीवर, बोरिंग टूल पालथं धरून काढला, तर एकाच सेटिंगवर दोन्हीचा कोन एक येतो. स्पिंडल नेहमीच्या दिशेनेच फिरवा. आट्यांवरचा चक उलटा फिरवला तर सुटून बाहेर येऊ शकतो. शंकूच्या मध्यभागी १०.२ चं ड्रिल, एम १२ चा टॅप.

४. चिरा सगळ्यात शेवटी. बॉडीला हॅकसॉने चार चिरा, ४५ मिमी लांब, प्रत्येकीच्या तळाशी ५ मिमीचं भोक. टेपर आणि बाहेरचा व्यास पूर्ण झाल्यावरच चिरा पाडा. आधी पाडल्या की चारही पाकळ्या टूलखाली थरथरतात, माप येत नाही. शंकूला एक आडवी पिन बसवा, ती एका चिरेत राहिली की बोल्ट कसताना शंकू गरगरत नाही.

५. दांडा आणि मूठ. ४० बाय १० ची पट्टी, मध्यापासून मुठीपर्यंत २०० मिमी. वेल्डिंग बाकावर. मूठ बाभळीच्या लाकडाची, बोल्टवर सैल फिरणारी.

सावधान: हँडल लावलेलं असताना मोटार सुरू झाली तर ती पट्टी हात मोडते, किंवा सुटून भिंतीपर्यंत जाते. स्टार्टरचं लाल बटण पुरेसं नाही, मेन स्विच बंद करा. कोन पुलीचं (पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा चालणारं) मशीन असेल तर पट्टा सैल करा, ऑल गिअर असेल तर न्यूट्रलला टाका, म्हणजे फिरवायलाही हलकं जातं.

यासाठी आमच्याकडे एक सोय केली आहे. हँडलची खुंटी मेन स्विचच्या अगदी शेजारी ठोकली आहे आणि तिच्याभोवती भिंतीवर हँडलचाच आकार लाल रंगात काढला आहे. हँडल जागेवर नसेल तर मोकळा लाल आकार दिसतो, आणि वर्कशॉपमध्ये नवीन आलेला मुलगासुद्धा स्विचला हात लावण्याआधी हँडल कुठे आहे ते विचारतो. डाय होल्डरची डोकी त्याच्याच खाली, मापाचे आकडे पंचाने ठोकून, पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून तेलाच्या फडक्यात.